मिस्कीच्या गळ्यातली घंटा

मी एक जुनी घंटा आहे, मित्रांनो, आणि जन्माची भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं तुम्ही मला शूर समजून फसायला नको. एका बाजूनं मला पोचा पडलाय, काठाचा टवका उडालाय, आणि वाजले तर आवाज घोगरा येतो. पण अँडीजच्या डोंगरात ज्या घोडीच्या गळ्यात मी उमर काढली, तिच्यामागची खेचरं त्याच घोगऱ्या आवाजाच्या भरवशावर कड्याच्या काठानं चालायची. असा भरवसा कुणी टाकला, की ज्याच्यावर टाकलाय त्याला धडकी भरणारच.

माझा जन्म भट्टीत झाला. फुटकी पातेली, चर्चमधल्या वाकड्या मेणबत्तीदाण्या, गंजकं कुलूप, असं काय काय वितळवून ओताऱ्यानं मला ओतलं. वाळूच्या साच्यात गच्च अंधार होता. तोंड, कान, सगळं वाळूनं भरलेलं. तिथं मी थंड होत पडले होते, तेव्हापासून मला गप्प बसण्याचं भय आहे. साचा फोडून ओताऱ्यानं माझ्या पोटात लोखंडाची जीभ टांगली, एकदा हलवून पाहिलं आणि म्हणाला, ही गाणारी नाही, पण लांब पोचेल. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

बटाट्याची पोती देऊन मला नेलं ते तोरिबियोनं. हा खेचरवाला. इल्यापाता नावाचं इंकांचं जुनं नगर पाहायला जे पाहुणे येत, त्यांचे तंबू, भांडी आणि धान्य खेचरांवर लादून तो खिंडीपलीकडं न्यायचा. त्यानं मला मिस्कीच्या गळ्यात बांधलं. मिस्की ही पांढरी घोडी. तिच्यासारख्या घोडीला खेचरवाले धर्ममाय म्हणतात. धर्ममायनं ओझं वाहायचं नसतं. तिनं नुसतं पुढं चालायचं आणि तिच्या गळ्यातल्या घंटेनं वाजायचं. खेचर माणसाचं ऐकेलच असं नाही, पण धर्ममायच्या घंटेमागं ते कुठंही जातं. घंटा वळली की वळतं, थांबली की थांबतं. लहानपणापासून त्यांना तशीच सवय लावलेली असते.

तोरिबियो माझ्याहून भित्रा होता. निघताना तो कोकाची तीन पानं बोटांत धरून अपूकडं तोंड करून फुंकायचा. अपू म्हणजे तो बर्फाचा डोंगर, आमच्या सगळ्यांचा म्हातारा धनी. खिंड येईपर्यंत तोरिबियोचं ते फुंकणं तीनतीनदा व्हायचं. त्याची बायको बासिलिया पाहुण्यांचा स्वयंपाक करी आणि सगळ्यांच्या शेवटी चाले. ती म्हणायची, "हा माणूस स्वतःच्या सावलीलाही आधी नमस्कार करतो, मग पाय उचलतो." तोरिबियो पुढच्या वळणावर पुन्हा फुंकायचा. मला तो फार आवडायचा. भित्र्याला भित्रा बरोबर ओळखतो.

आता माझ्या सगळ्यांत मोठ्या भीतीबद्दल सांगते. खिंडीच्या अलीकडं वाट अपूच्या बर्फाखालून जाते. वर निळं बर्फ लटकलेलं, खाली अरुंद वाट. तिथं कुणी बोलत नाही, शिंकसुद्धा दाबून धरतात, कारण आवाज झाला की म्हातारा जागा होतो आणि अंगावर बर्फ टाकतो. म्हणून वाट बर्फाखाली शिरण्याआधी खेचरवाला डोंगरी गवताचा बोळा करून माझ्या तोंडात कोंबतो. खिंडीवर दगडांची रास आहे. तिथं पोचलं की बोळा काढून राशीत दगडाखाली ठेवायचा, म्हणजे अपूचं अपूला परत केलं. आणि यात एक नियम आहे. ज्याच्या हातानं गवत घातलं त्याच्याच हातानं ते निघालं पाहिजे. त्या हातानं अपूकडं वाट मागितलेली असते. दुसऱ्या कुणी हात घातला तर ती चोरी होते. तोरिबियोच्या चुलतभावानं एकदा घाईत दुसऱ्याचं गवत ओढून काढलं होतं, आणि पुढच्याच खेपेला त्याची खेचरं बर्फासकट दरीत गेली. त्या बिचाऱ्यानं मग धंदाच सोडला. ही गोष्ट तोरिबियोनं इतक्यांदा सांगितली होती, की बासिलियासुद्धा तेवढ्या बाबतीत त्याची थट्टा करीत नसे.

माझ्यापुरतं म्हणाल तर तोंडात गवत गेलं की मी पुन्हा त्या साच्यात जाई. जीभ हलायची पण नाद निघायचा नाही. मिस्कीच्या गळ्यावर मी थरथरत राही आणि रास कधी येते याची वाट पाही. दर खेपेला रास यायची, तोरिबियोची बोटं आत यायची आणि गवत निघायचं. एका खेपेला तसं झालं नाही.

त्या खेपेला पाहुणे चौघं होते. त्यातल्या ग्रासिएलाबाई पिउराच्या गरम किनाऱ्यावरून आलेल्या, तिथल्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या. वर्गातल्या भिंतीवर इल्यापाताचं चित्र लावून त्यांनी पोरांच्या कित्येक पिढ्या शिकवल्या होत्या, पण स्वतः कधी ते पाहिलं नव्हतं. बाई बोलक्या. खिशात गुळाचे खडे ठेवायच्या आणि कार्बोन नावाच्या काळ्या खेचराला भरवायच्या. कार्बोन मोठा तिरसट, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या मागं मागं मांजरासारखा फिरू लागला. वाटाड्या एदिल म्हणायचा, "बाई, तुम्ही याला बिघडवलंत. आता आम्हाला हा जेवण झालं का म्हणूनही विचारणार नाही."

खिंडीच्या आदल्या मुक्कामाला बाईंना डोंगर लागला. गाडी लागते ना, तसाच डोंगरही लागतो. डोकं फुटायला आलं, पोटात पाणी ठरेना, आणि सकाळी त्या तंबूतून बाहेर आल्या तेव्हा पाय कुठं पडतोय ते त्यांना कळत नव्हतं. एदिलची सगळी थट्टा गेली. तो तोरिबियोला बाजूला घेऊन म्हणाला, की यांना लवकर खाली न्यायला हवं, नाहीतर त्या वाचायच्या नाहीत. आलो ती वाट दूरवर उंचावरूनच जात होती. खिंड ओलांडली तर मात्र पलीकडं वाट झपाट्यानं उतरत होती. म्हणजे बर्फाखालूनच जायचं होतं, आणि तेही ऊन चढायच्या आत.

तोरिबियो आणि एदिल बाईंना कार्बोनवर चढवू लागले. खेचर बिथरू नये म्हणून ओझं चढवताना त्याच्या डोळ्यांवर पोंचो, म्हणजे खेचरवाल्याच्या अंगावरची लोकरी घोंगडी, टाकतात, तसा टाकला. बाईंना शुद्ध होती पण मान ठरत नव्हती. दोघांनी त्यांना खोगिराला घोंगडीसकट बांधलं. तोरिबियोचे दोन्ही हात दोरात गुंतलेले. वेळ जात होता. बासिलिया म्हणाली, "तू बांध, गवत मी घालते." आणि तिनं माझ्या तोंडात बोळा कोंबला. चांगला घट्ट कोंबला. ती कुठलंच काम अर्धवट करणारी नव्हती.

तोरिबियोनं ते पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग जरा उतरला, पण त्या वेळी बोलायला सवड कुणाला होती?

आम्ही बर्फाखाली शिरलो. पुढं मिस्की आणि तोरिबियो, मागं ओझ्याची खेचरं, मग एदिल आणि तिघं पाहुणे, सगळ्यांत शेवटी कार्बोन, आणि त्याची शेपटी धरून बासिलिया. वर बर्फ मधूनच कुरकुरत होतं. मिस्कीचे कान सारखे मागंपुढं होत होते. मी गवतामागं श्वास धरून होते. माझ्यासारखीला श्वास कसला, तुम्ही म्हणाल. पण त्या वाटेवर तो दगडांनीही धरलेला असतो.

आम्ही पार झालो. राशीपाशी पोचलो. तोरिबियोनं मागं वळून पाहिलं, तर कार्बोन नव्हता. मधेच बाईंना उलटी झाली होती म्हणून बासिलिया थांबली होती, एवढं एका पाहुण्यानं खुणेनं सांगितलं. आता येईल, म्हणून सगळे थांबले. आणि तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं.

मित्रांनो, आमचं धुकं सावकाश येत नाही. घटकेपूर्वी समोर डोंगर होता, आणि आता मिस्कीला स्वतःचे खूर दिसत नव्हते. बर्फ आणि रास यांच्यामध्ये एक फाटा आहे. आमची वाट मातीची, ती उजवीकडून राशीकडं येते. डावीकडं इंकांनी दगड बसवून बांधलेली जुनी वाट जाते. ती रुंद आहे, सपाट आहे, आणि थोडं पुढं गेलं की संपते, कारण तिथला डोंगर केव्हाच घसरून दरीत गेलाय. उजेडात ती पुढं तुटलेली कुणालाही दिसते. धुक्यात खेचर पायाला जी वाट चांगली लागेल ती धरतं, कानाला घंटा लागली नाही तर.

घंटेच्या तोंडात गवत होतं.

तोरिबियोच्या तोंडून हाक निघत नव्हती. बासिलिया अजून बर्फाखाली असेल, आणि तिथंच आवाज पोचला तर? तो मिस्कीच्या मानेला धरून नुसता उभा होता.  मग मिस्कीनं एकदम डावीकडं कान टवकारले. मीही ऐकलं. टक्. टक्. लोखंडी नाल दगडावर वाजत होती.

मातीच्या वाटेवर नाल वाजत नाही. कार्बोन बर्फाच्या बाहेर आला होता, आणि दगडी वाटेवर होता.

"बासिलिया!" तोरिबियो ओरडला. कड्यांनी ती हाक घेतली आणि चारी बाजूंनी परत फेकली. नाल थांबली, आणि मग आधीपेक्षा घाईनं वाजू लागली. हाक ऐकून बासिलिया कार्बोनला आणखी पुढं हाकलत होती. तोरिबियोनं आपलं तोंड हातानं दाबून धरलं.

एदिल हळूच म्हणाला, "ताइता, गवत काढा." ताइता म्हणजे बाबा; आमच्याकडं वडीलधाऱ्यांना आणि डोंगरालाही तसंच म्हणतात.

"ते तिनं घातलंय."

"माहीत आहे मला. पण ती इथवर येणार कशी?"

"मग तू काढ."

एदिलनं हात पुढं केला. माझ्यापासून वीतभर अंतरावर तो हात थांबला. हाच एदिल पाहुण्यांना अपूच्या गोष्टी रंगवून सांगायचा आणि वर म्हणायचा, की या म्हाताऱ्यांच्या समजुती हो. "माझी आईपण याच डोंगराखालची आहे, ताइता," असं म्हणून त्यानं हात पोंचोत ओढून घेतला.

टक्. टक्. नाल लांब चालली होती.

तोरिबियोनं वर पाहिलं. वर काहीच दिसत नव्हतं, नुसतं पांढरं. मला वाटतं, तेव्हाच्या इतका घाबरलेला माणूस मी कधी पाहिला नाही. त्याला चुलतभावाची खेचरं आठवत असतील, आणि घरची मेंढरं, आणि अजून काय काय. तो अपूला म्हणाला, "रागवायचं तर माझ्यावर रागव, ताइता. तिच्यावर नको." आणि त्यानं माझ्या तोंडात बोटं घातली.

बोळा निघेना. धुक्यानं तो भिजून फुगला होता आणि गारठून दगड झाला होता. तोरिबियोची बोटं बधिर. ती घसरत होती, नखं माझ्या काठावर खरडत होती, एखाददुसरी काडी तुटून येत होती. तेव्हा तो मिस्कीपुढं गुडघ्यावर बसला, मला दोन्ही हातांनी धरलं, आणि दातांनी गवत पकडून मागं हिसडा मारला. एकदा. पुन्हा एकदा. त्याच्या तोंडातून रक्त आलं आणि माझ्या तोंडातून बोळा.

मिस्कीनं मान झटकली आणि मी वाजले. कशी वाजले ते विचारू नका. माझा टवका त्याच दिवशी उडाला, असं मला वाटतं. तोरिबियो तिची मान हलवत राहिला आणि मी वाजत राहिले, आणि माझ्याच आवाजात मला ती नाल ऐकू येईनाशी झाली. मग त्यानं हात थांबवला, ऐकण्यासाठी.

काहीच नाही. दगडावर नाल नाही. आता खेचर एकतर मातीच्या वाटेला लागलं असेल, नाहीतर त्याच्या पायांखाली काहीच उरलं नसेल. दोन्हींचा आवाज सारखाच असतो. तोरिबियो पुन्हा मला हलवू लागला आणि रडू लागला. मी नुसती वाजत होते, मला दुसरं काय येत होतं?

धुक्यातून एक काळं नाक बाहेर आलं. मग कान, मग घोंगडीत बांधलेल्या ग्रासिएलाबाई, छातीवर मान टाकलेल्या पण कण्हणाऱ्या. शेपटीला धरून बासिलिया. तिच्या एका पायातली चप्पल नव्हती.

ती मटकन खाली बसली. मग म्हणाली, "मला वाटलं तू पुढंच आहेस. तू हाक मारलीस तशी मी काठी मारली. हे गाढवाचं पोर चालेना. मी याला काय काय शिव्या घातल्या. मग घंटा वाजली आणि यानं मला तिथल्या तिथं गर्रकन फिरवलं. माझा पाय काठावरून खाली गेला. शेपटी हातात होती म्हणून राहिले." तिनं आपल्या उघड्या पायाकडं पाहिलं. "चप्पल पडली. पडल्याचा आवाज आला नाही."

 एदिलनं बाईंची घोंगडी पुन्हा आवळली आणि आम्ही उतरू लागलो. अर्ध्या उतारावर मागून गडगडाट झाला. सगळी खेचरं थबकली. अपूनं बर्फ टाकलं होतं. सकाळच्या त्याच वाटेवर. वाट रिकामी होती, कुणाला काही झालं नाही. पण सगळ्यांनी एकदम तोरिबियोकडं पाहिलं, आणि त्यानं मान खाली घातली.

खालच्या मुक्कामाला हवा जड होती. दुपार कलायच्या आत ग्रासिएलाबाईंनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा काय विचारलं असेल तर, कार्बोनला गूळ दिला का. बासिलियानं चुलीवर किन्वाची पेज चढवली. तोरिबियो लांब दगडावर बसून होता. वाटी घेऊन ती त्याच्याकडं गेली, तेव्हा मिस्की तिथंच चरत होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"तोंडाला काय झालं?"

"गवत निघत नव्हतं. बोटांत जीवच नव्हता."

"म्हणजे दातानं ओढलंस?"

त्यानं मान हलवली. मग हळूच सांगितलं, की बर्फ आपल्यामुळं पडलं, आता अजून काय काय पडेल कोण जाणे, आणि त्यानं जे केलं ते त्याला पुन्हा करावं लागलं तर तो पुन्हा करील, पण त्याला फार भीती वाटतेय. हे बोलताना तो एखाद्या पोरासारखा स्फुंदत होता. बासिलियानं त्याला रडू दिलं. मग ती म्हणाली, "थांब जरा. नियम हाताचा आहे ना?"

"हो."

"दाताचं कुणी कधी काही बोललंय?"

तोरिबियोनं जिभेनं आपला दात चाचपला. चुलीपाशी एदिलच्या हातातली पळी खाली पडली.

"अपूला असं फसवायचं?" तोरिबियो दबक्या आवाजात म्हणाला.

"फसवायचं कशाला? हा दात हलतोय तुझा. पडला की नेऊन ठेव राशीत. गवताच्या जागी दात. इतकं तर कुणीच दिलं नसेल त्याला."

दुसऱ्या दिवशी ग्रासिएलाबाईंनी कार्बोनच्या पाठीवरून इल्यापाता पाहिलं. वर्गातल्या चित्राहून ते लहान आहे, असं म्हणाल्या आणि कितीतरी वेळ डोळे पुसत राहिल्या. निघताना त्यांनी दोन्ही हातांत मला धरलं आणि काहीतरी पुटपुटल्या. मला कुणी इतकं जवळ घेतलं नव्हतं.

तोरिबियोचा दात पुढच्या खेपेआधी पडला. तो त्यानं फडक्यात बांधून नेला आणि राशीतल्या दगडाखाली ठेवला.  त्याची भीती काही गेली नाही, मित्रांनो. कोकरू दगावलं की तो अपूकडं बघायचा. ढग गडगडला की बघायचा. पण त्या खेपेपासून एक गोष्ट बदलली. गवत कोंबायची वेळ आली की तो बासिलियाला मागून बोलावून घ्यायचा. बोळ्याचं एक टोक तो धरायचा, एक टोक ती, आणि दोघं मिळून तो माझ्या तोंडात घालायचे, म्हणजे पुढं कोण आधी पोचलं तरी चालेल. आधी इतर खेचरवाले हसले. ते दोघं लग्नात उभे असल्यासारखे दिसतात, असं म्हणायचे. पुढं पुढं तेही जोडीदाराला हाक मारू लागले.

बरीच वर्षं लोटली, मिस्कीही गेली. नव्या धर्ममायच्या गळ्यात बाजारातली चकचकीत घंटा आली. मला कोठीत खिळ्याला अडकवलं आणि माझ्याखालच्या टोपलीत कोंबडी अंडी घालते. तक्रार नाही. खेचरं निघतात त्या सकाळी म्हातारी बासिलिया अंगणात उभी राहून विचारते, "गवत कुणाकुणाचं?" दोन नावं सांगितल्याशिवाय ती फाटक उघडत नाही.

मित्रांनो, मी भित्री आहे, मला मोठं काही शिकवता येत नाही. एवढीच विनंती करते. ज्याच्या आवाजामागं कुणीतरी चालत असतं, त्याला गप्प करायची पाळी येते कधीकधी. तसं करावं लागलंच, तर एकट्यानं करू नका. दुसऱ्या कुणाचा तरी हात त्यात असू द्या. आणि तेही राहून गेलं असेल, तर गवत कुणी घातलं होतं ते विचारत उभे राहू नका. देवानं दात दिलेत.